गिटमध्ये ‘अनडू’चं बटण का नाही, आणि गेलेलं काम परत कुठून येतं

मागच्या पावसाळ्यात एका रात्री साडेअकराच्या सुमाराला मी टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाईप करायच्या खिडकीत, ‘गिट रिसेट --हार्ड’ टाईप करून एंटर मारलं आणि संध्याकाळभर केलेलं काम एका क्षणात गेलं. काम म्हणजे प्रोग्रॅमिंग वगैरे नव्हतं, आमच्या घरातल्या जुन्या शब्दांची यादी आहे, मावशीला फोन करून करून लिहिलेली, इरलं, कणगी, शिंकाळं, वैल, उतरंड असे शब्द आणि ते कोण कधी वापरायचं, साध्या टेक्स्ट फाईल्स आहेत, एकूण ३८, आणि त्या सगळ्या मी गिटमध्ये, म्हणजे फाईल्सच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवतो. त्या रात्री सगळ्या फाईल्समधलं एक जोडाक्षर एकसारखं करायला छोटी स्क्रिप्ट चालवली, ती चुकली, शब्द तुटले, आणि घाबरून मी ती कमांड मारली. स्क्रिप्टने केलेली नासधूस साफ झाली खरी, पण संध्याकाळी ज्या दोन फाईल्समध्ये नवीन मजकूर लिहिला होता त्याही आदल्या दिवशीच्या अवस्थेत गेल्या.

त्यातली एक परत मिळाली आणि एक नाही मिळाली. दोन्ही एकाच कमांडने गेल्या होत्या, मग एकच का परत आली, हे नीट समजलं की गिटमधलं सगळं मागे घेणं समजतं, म्हणून तेच सांगतो.

वर्डमध्ये किंवा फोनच्या नोट्समध्ये आपण अनडू करतो, म्हणजे कॉम्प्युटरवर कंट्रोल झेड दाबतो, तेव्हा तो प्रोग्रॅम आपल्या शेवटच्या कृती ओळीने लक्षात ठेवून एकेक उलटी करत असतो. गिट तसं करत नाही. तुम्ही फाईलमध्ये काय टाईप करताय ते गिट बघतच नाही, त्याला तुम्ही सांगाल तेव्हाच ते फाईलकडे बघतं आणि त्या क्षणाची अख्खी प्रत आत ठेवून देतं. त्यामुळे तुमची एकच फाईल एका वेळी तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या अवस्थांत असू शकते. एक, तुमच्या फोल्डरमध्ये दिसते ती, जिच्यावर तुम्ही काम करताय. दोन, ‘गिट अ‍ॅड’ केल्यावर जिची प्रत घेतली जाते ती, याला स्टेजिंग एरिया किंवा इंडेक्स म्हणतात. आणि तीन, ‘गिट कमिट’ केल्यावर इतिहासात कायमची बसते ती. माझ्या मते नवीन माणसाचा सगळा गोंधळ इथेच होतो, कारण आपण विचारतो ‘बदल मागे कसा घेऊ’, आणि आधी विचारायला हवं की बदल या तिनातल्या कुठल्या जागेपर्यंत पोचलाय.

नुसत्या फोल्डरमध्ये आहे, अ‍ॅड केलेला नाही? मग ‘गिट रिस्टोअर’ आणि पुढे फाईलचं नाव. स्टेजिंगमध्ये जी प्रत आहे ती उचलून तुमच्या फाईलवर टाकली जाते. अ‍ॅड करून बसलात पण ते नको होतं? ‘गिट रिस्टोअर --स्टेज्ड’, याने फक्त स्टेजिंग मागे जातं, तुमच्या फोल्डरातल्या फाईलला धक्का लागत नाही. तीन कमिटांपूर्वी ही फाईल कशी होती तशी हवी असेल तर ‘--सोर्स’ देऊन कुठल्या कमिटमधून आणायची ते सांगता येतं, बाकीच्या फाईल्स जिथल्या तिथे राहतात. जुने लोक यासाठी ‘गिट चेकआऊट’ वापरतात, अजूनही चालतं, पण त्या एका कमांडवर ब्रँच, म्हणजे कामाची वेगळी शाखा, बदलणं आणि फाईल पूर्ववत करणं अशी दोन अगदी वेगळी कामं लादलेली होती, ब्रँच बदलायला जाऊन फाईल पुसली गेली असं होऊ शकायचं, म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या २.२३ या आवृत्तीत ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ अशा दोन वेगळ्या कमांड दिल्या. नवीन शिकणाऱ्याने त्याच वापराव्यात असं मला मनापासून वाटतं.

फक्त एक गोष्ट, ‘गिट रिस्टोअर’ तुम्हाला ‘नक्की का?’ असं विचारत नाही. जे अ‍ॅडच केलेलं नव्हतं त्याची प्रत गिटकडे नसतेच, त्यामुळे ते पुसलं की पुसलंच. ‘गिट क्लीन’चंही तेच, ती गिटला माहीतच नसलेल्या फाईल्स उडवते, म्हणून आधी ‘-एन’ लावून चालवायची, मग ती नुसती यादी दाखवते आणि हात लावत नाही.

आता हे असं का बांधलंय ते बघू. लिनक्स बनवणारे लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं, कारण लिनक्स कर्नलचं, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, काम २००२ पासून ज्या बिटकीपर नावाच्या सॉफ्टवेअरवर चालायचं त्याची मोफत वापराची सोय बंद झाली. ३ एप्रिलला सुरुवात केली आणि ७ एप्रिलला गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच ठेवायला लागले होते, म्हणजे चार-पाच दिवसांत! जुलैमध्ये जुनिओ हमानो यांच्याकडे त्याची देखभाल आली आणि पुढे ती त्यांच्याकडेच राहिली. त्याआधीही आवृत्त्या सांभाळणारी अशी साधनं होतीच, १९७२ मध्ये बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस बनवलं, १९८० च्या दशकात वॉल्टर टिची यांचं आरसीएस आलं. आरसीएसची युक्ती मला फार आवडते, सगळ्यात ताजी आवृत्ती पूर्ण ठेवायची आणि जुन्याकडे जायला ‘मागे कसं जायचं’ एवढे फरक ठेवायचे. गिट मात्र फरक हा मूळ हिशोब धरत नाही, प्रत्येक कमिट म्हणजे अख्ख्या फोल्डरचा फोटो. जागा वाचवायला नंतर आत दाबून फरकांच्या रूपात पॅक करतं, पण तो गोदामातला प्रश्न झाला, विचार फोटोचाच आहे.

आणि फोटोला नाव काय द्यायचं? इथे खरी गंमत आहे. गिट फाईलचा मजकूर एका गणिती चरकातून काढतं आणि १६० बिटांचा, म्हणजे ४० अक्षरांचा एक ठसा मिळतो, त्याला हॅश म्हणतात, तोच त्या मजकुराचा पत्ता. मजकूर तोच तर ठसा तोच, जगात कुठेही. पूर्ण रिकाम्या फाईलचा ठसा माझ्या लॅपटॉपवर ‘ई६९डीई२९’ने सुरू होतो आणि तुमच्याही. एक अक्षर बदललं की अख्खा ठसा वेगळा.

मराठीत याचा एक अनुभव येतो तो इंग्रजीत लिहिणाऱ्याला सहज यायचा नाही. ‘वाऱ्यावर’मधला तो ‘ऱ्य’ कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक म्हणजे ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त आणि य, दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण आतले बाईट्स वेगळे, म्हणून गिटसाठी त्या दोन वेगळ्या फाईल्स. माझ्या यादीत काही शब्द फोनवर टाईप केलेले, काही लॅपटॉपवर, शोधताना अर्धे सापडायचेच नाहीत, आणि तेच एकसारखं करायला मी ती स्क्रिप्ट लिहिली होती. जाता जाता अजून एक, फाईलचं नाव मराठीत ठेवलंत तर ‘गिट स्टेटस’ ते ‘\३४०\२४४’ अशा आकड्यांत दाखवतं, फाईल बिघडलेली नसते, गिट नावातले बाईट्स आकड्यांत लिहून दाखवतंय इतकंच, देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाईट्सचं असतं आणि पहिल्या बाईटचा आकडा, अष्टमान पद्धतीत लिहिलेला, ३४०. सेटिंगमध्ये ‘कोअर.कोटपाथ’ फॉल्स केलं की नावं नीट मराठीत दिसतात.

तर कमिटमध्ये काय असतं? फोल्डरच्या फोटोचा ठसा, कोणी कधी केलं ते, संदेश, आणि आधीच्या कमिटचा ठसा. म्हणजे ही उतरंडच झाली, प्रत्येक मडकं खालच्यावर उभं, खालचं एक काढून दुसरं ठेवायचं तर वरची सगळी उतरवून पुन्हा रचावी लागतात. म्हणूनच गिटमध्ये जुनं कमिट ‘दुरुस्त’ करता येत नाही. ‘गिट कमिट --अमेंड’ केलं की शेवटचं कमिट सुधारलं असं वाटतं, प्रत्यक्षात नवीन कमिट तयार होतं, त्याला नवा ठसा मिळतो आणि जुनं बाजूला पडून राहतं, लगेच नष्ट होत नाही. ब्रँच ही काही मोठी भारी वस्तू नाही, ती साधारणपणे ४१ बाईट्सची एक फाईल असते, ४० अक्षरांचा ठसा आणि ओळ संपल्याची खूण, बस.

‘गिट रिसेट’ म्हणजे ब्रँचच्या त्या चिठ्ठीवरचा पत्ता बदलणं. ‘--सॉफ्ट’ दिलं तर फक्त चिठ्ठी मागे जाते, तुमचं स्टेजिंग आणि फाईल्स तशाच. काहीच नाही दिलं तर स्टेजिंगही मागे जातं. आणि ‘--हार्ड’ दिलं तर फोल्डरातल्या फाईल्ससुद्धा, तिथे गिटला माहीत असलेल्या फाईल्समधलं कमिट न केलेलं सगळं पुसलं जातं.

हे सगळं तुमच्या एकट्याच्या मशीनवर आहे तोवर ठीक. पण कमिट पुश करून, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक सर्व्हरवर पाठवून, झालंय, बाकीच्यांनी ते खाली उतरवून त्यावर आपली मडकी रचलीत, मग रिसेट करून फोर्स पुश, म्हणजे जबरदस्तीने पुश, मारू नका, कळकळीने सांगतो, त्यांच्या आणि तुमच्या उतरंडी वेगळ्या होतात आणि त्या जुळवताना लोकांचे दिवस जातात. तिथे ‘गिट रिव्हर्ट’ वापरायचं. ज्यांच्या घरात शेतजमिनीचे कागद आहेत त्यांना हे लगेच समजेल, तलाठ्याच्या गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, एखादी नोंद चुकली म्हणून कोणी पान फाडत नाही, नवीन नंबरचा फेरफार घेतात, सातबाऱ्यावरच्या जुन्या नावाला कंस होतो आणि कोणाचं नाव कुठल्या फेरफाराने आलं-गेलं हे पुढच्या पिढीलाही वाचता येतं. रिव्हर्ट अगदी तेच करतं, चुकीच्या कमिटच्या बरोबर उलटं असं एक नवीन कमिट वर ठेवतं. मधल्या काळात कोणी त्याच ओळी बदलल्या असतील तर कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोन बदलांची टक्कर, येतो, तो हातानेच सोडवावा लागतो.

आणि याचीच दुसरी बाजू, चुकून पासवर्ड असलेली फाईल पुश केलीत तर रिव्हर्टने तो पासवर्ड जात नाही, जुन्या नोंदीत तो सगळ्यांना दिसतोच, आधी पासवर्ड बदला.

आता माझ्या त्या रात्रीकडे. कोणी कमिट केलेलं काम रिसेटने घालवलं असेल तर त्याचा मार्ग ‘गिट रिफ्लॉग’. तुमच्या मशीनवर हेड, म्हणजे तुम्ही आत्ता कुठल्या कमिटवर आहात त्याची खूण, कुठून कुठे गेलं याची रोजनिशी गिट ठेवतं, त्यात जुन्या कमिटचा ठसा मिळतो आणि त्यावर नवीन ब्रँच काढली की सगळं जसंच्या तसं परत. ही रोजनिशी साधारण ९० दिवसांची असते, आणि ब्रँचपासून तुटलेल्या कमिटांसाठी ३० दिवस, मात्र ती तुमच्या मशीनपुरतीच, नवीन क्लोन, म्हणजे सर्व्हरवरून अख्खी नवी प्रत, केलात तर त्यात नसते. ब्रँच डिलीट झाली म्हणून घाबरणाऱ्यांनी आधी इथे बघावं.

पण मी संध्याकाळचं काहीच कमिट केलं नव्हतं, त्यामुळे रिफ्लॉगमध्ये माझ्या कामाचं काही नव्हतं. मग आठवलं की जेवायला उठायच्या आधी मी एका फाईलला ‘गिट अ‍ॅड’ केलं होतं. अ‍ॅड केलं की त्याच क्षणी गिट मजकुराची प्रत बनवून, दाबून, ठशाच्या नावाने ‘.गिट’ फोल्डरात ठेवून देतं, कमिटची वाट बघत नाही. नंतर रिसेटने फक्त तिच्याकडे बोट दाखवणारी नोंद गेली, प्रत तिथेच पडून होती. अशा बेवारस प्रती शोधायला ‘गिट एफएससीके --लॉस्ट-फाऊंड’ ही कमांड आहे. चालवली, ११ प्रती निघाल्या, त्यांना नावं नसतात, नुसते ठसे, कारण नाव फोल्डरच्या नोंदीत असतं, मजकुराच्या प्रतीत नाही. एकेक उघडून बघत गेलो आणि सातव्या प्रतीत ‘उतरंड’ दिसला, मग ‘शिंकाळं’, आणि खाली मावशीने सांगितलेलं वाक्य, जसंच्या तसं. रात्री एक वाजता मी एकटाच खुर्चीत बसून हसत होतो. अशा बेवारस प्रती गिट दोन आठवड्यांनंतरच साफ करायला घेतं, त्यामुळे वेळ भरपूर होता, पण हे तेव्हा डोक्यात कुठून येणार.

दुसरी फाईल अ‍ॅड केली नव्हती. तिची प्रत गिटने कधी घेतलीच नव्हती, म्हणून ११ मध्ये ती असायचं कारणच नव्हतं, एडिटरही मी बंद करून बसलो होतो त्यामुळे तिथला कंट्रोल झेडही गेला. त्यात २३ शब्द होते, पावसाळ्याच्या तयारीचे. दुसऱ्या दिवशी मावशीला फोन केला, सगळं सांगितलं, ती म्हणाली ‘अरे मग परत लिही की, मी कुठे गेलेय’, आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. या वेळी इरल्याबद्दल आदल्या दिवशी न सांगितलेलं बरंच निघालं, ते विणायला कोणती पानं, कोण विणायचं, पाऊस संपल्यावर ते कुठे टांगून ठेवायचे. १९ शब्द भरले. मी दर चार-पाच शब्दांनंतर ‘गिट अ‍ॅड’ मारत होतो.