संत्र्याला तहान लागू द्या

पाऊस परतला, ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर आलं की आमच्या गल्लीत पाण्याचे पाइप बाहेर निघतात. जो तो संध्याकाळी आळ्यात पाइप सोडतो आणि चहा घ्यायला आत जातो. ऑक्टोबरात ते ठीकच आहे, तेव्हा संत्री झाडावर भरत असतात. पण एका वर्षी फळं उतरवून झाली, डिसेंबर लागला, तरी माझा पाइप सुरूच होता. शेजारी मुलाकडे राहायला आलेले, नागपूर जिल्ह्यातल्या काटोलकडचे आजोबा दोन दिवस कुंपणापलीकडून बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. "काहून एवढं पाणी टाकून राहिल्या ताई? ताण बसू द्या ना त्याले जराक." ताण म्हणजे काही दिवस पाणी तोडणं.

हिवाळ्याआधी झाडांची काळजी कशी घ्यावी, हे शोधायला गेलं की बहुतेक सल्ले बर्फाच्या देशातले सापडतात. तिथल्या झाडाला गोठण्यापासून वाचवायचं असतं. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर गेला होता, तरी ती बातमी झाली ती अपवाद म्हणूनच. आपल्याकडची थंडी झाडाला सहसा मारत नाही. बऱ्याच फळझाडांना ती फुलायची वेळ कळवते, आणि ती वेळ त्यांना ऐकू येईल एवढी शांतता आपण ठेवायची असते.

संत्र्याचंच बघा. साधारण १३ अंशांच्या खाली त्याची वाढ जवळजवळ थांबते, मुळंही मंदावतात. दिवसा मात्र आपल्याकडे लख्ख ऊन असतं, त्यामुळे पानं अन्न बनवत राहतात. नवी पालवी नाही म्हणजे खर्च नाही, अन्न फांद्यांत साठत जातं. त्यात पाणीही तोडलं की पानांत एक प्रथिन जास्त बनू लागतं आणि ते रसातून फांदीवरच्या डोळ्यांपर्यंत, म्हणजे फुटायच्या कोंबांपर्यंत जाऊन 'आता पान नको, फूल काढ' असा निरोप देतं. मिखाइल चैलाख्यान या शास्त्रज्ञानं १९३० च्या दशकातच अशा निरोप्याची कल्पना मांडून त्याला 'फ्लोरिजेन' हे नाव दिलं होतं. तो नेमका कोणता पदार्थ, हे पक्कं व्हायला २००७ साल उजाडलं. काटोल-नरखेडचे बागाईतदार मात्र कुणाची वाट न बघता आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, बागा ताणावर सोडत आले.

ताण किती दिवस द्यायचा, हे जमिनीवर ठरतं. हलक्या, मुरमाड जमिनीत महिना-सव्वा महिना पुरतो. भारी काळ्या जमिनीत दोन महिन्यांच्या आसपास लागतात. दिवस मोजण्यापेक्षा पान बघावं. त्याची चकाकी जाते, दुपारी ते किंचित गुंडाळल्यासारखं दिसतं, रंग फिका होतो, थोडी पानं गळतात. इथे जीव कासावीस होतो, पण एवढ्यावर थांबायचं असतं. झाड काड्या होईपर्यंत वाट बघणं हा ताण नव्हे, छळ. मग जानेवारीत पहिलं पाणी हलकं द्यायचं, काही दिवसांनी दुसरं जरा भरपूर.

काळ्या मातीची एक वेगळी खोड आहे. नागपुरातली सीताबर्डीची टेकडी ज्या बेसाल्टची, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडाची, तशाच खडकाच्या झिजेतून ही माती झाली. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पाटीवर पाटी ठेवल्यासारखे थरांचे असतात. पाणी थरांमध्ये शिरलं की माती फुगते, निघून गेलं की आकसते आणि भेगा पडतात. आपल्याला भेग दिसते, पण आत तिनं बारीक मुळं ताणून तोडलेली असतात, आणि तिच्यातून खालची ओलही उडून जाते. म्हणून पाऊस गेला की आळ्यातली वरची दोन-तीन बोटं माती खुरप्यानं मोकळी करून वर वाळका पालापाचोळा पसरावा. हे ताण दिलेल्या झाडालाही चालतं, कारण ताण हळूहळू बसायला हवा. पाचोळा बुंध्याला चिकटू मात्र देऊ नये.

आंब्याच्या बाबतीत मी स्वतः माती खाल्ली आहे. एका नोव्हेंबरात हौसेनं शेणखत घातलं, मूठभर युरिया टाकला, वर रोज पाणी. डिसेंबरात झाड तांबूस कोवळ्या पालवीनं असं काही नटलं की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवलं. माघात गल्लीतल्या साऱ्या आंब्यांना मोहोर आणि आमच्याकडे नुसती पानं. मोहोर यायला फांदीचं टोक जुनं, काही महिन्यांचं पक्कं झालेलं लागतं. गारठ्याचा निरोप आला तेव्हा माझ्या आंब्याची टोकं कोवळी होती. ज्या आंब्याला फळ धरायचं वय झालंय, त्याचं खत पावसाळ्यातच उरकावं आणि दसऱ्यानंतर पाणी आवरतं घ्यावं. लहान रोपांना हा नियम नाही, त्यांना पाणी हवंच.

पेरूची पानं थंडीत जांभळट-लाल होतात आणि लोक रोग समजून औषधं मारतात. गार मातीतून मुळांना स्फुरद (फॉस्फरस) नीट उचलता येत नाही, पानात लाल रंगद्रव्य साठतं. बऱ्याचदा ऊन तापलं की नवी पानं हिरवी येतात. केळी आणि पपई मात्र खरंच थंडीला भितात. स्वच्छ आभाळाच्या रात्री जमिनीची ऊब वर निघून जाते, अशा वेळी संध्याकाळी थोडं पाणी दिलं तर ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री सावकाश सोडते. म्हणजे एकाच अंगणात, एकाच संध्याकाळी, केळीला पाणी आणि संत्र्याला उपास.

पाइप ठेवल्यावर हात रिकामे होतात, तेव्हा बुंधे तपासावेत. आंबा, पेरू, संत्रा यांच्या बेचक्यांत लाकडाच्या भुशाची, विष्ठेची काळपट-तपकिरी जाळी लोंबताना दिसली, तर साल खाणारी अळी आत आहे. दिवसा ती भोकात दडते, रात्री जाळीच्या आडोशानं बाहेर येऊन साल कुरतडते. जाळी खरडून काढायची, भोकात तार फिरवायची, रॉकेलमध्ये भिजवलेला कापूस कोंबून चिखलानं तोंड बंद करायचं.

संत्र्याच्या बुंध्यातून डिंक येत असेल तर बोर्डो मलम लावावं. शंभर ग्रॅम मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत, आणि मग एकत्र. चुना विरघळताना उकळतो, तोंड लांब ठेवा. मिश्रणात लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांब्याचा लालसर थर चढला तर मोरचूद अजून मोकळा आहे आणि तो सालीला भाजेल, थोडा चुना वाढवा. या मलमाचा जन्म गमतीदार आहे. फ्रान्समध्ये बोर्डोच्या आसपास रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना घाबरवायला हे निळं मिश्रण फासत. त्याच वेली केवडा या पानांवरच्या रोगापासून वाचल्याचं वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं.

छाटणीची घाई नको. वाळकी, रोगट फांदी तेवढी काढावी. झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही, झाड तिच्याभोवती भिंत बांधतं आणि कडेनं नवं लाकूड आणून ती झाकतं. हे काम वाढीच्या दिवसांत जोरात होतं, गारठ्यात रेंगाळतं.

कडुनिंबाकडे यातलं काहीच करावं लागत नाही. तो थंडीभर हिरवा राहतो आणि फाल्गुनाच्या आगेमागे, उन्हाळा समोर दिसला की पानं टाकतो. त्याला फक्त बुंध्याभोवती श्वास घेण्यापुरती माती उघडी हवी. आमच्या दारात टाइल्स बसवणाऱ्यानं ती अगदी खोडाला भिडवून दिली होती. आजोबांनी एका रविवारी स्वतः सब्बल आणली आणि दोन फुटांचं कडं मोकळं केलं. संत्र्याचा पाइपही जाता जाता गुंडाळून ठेवला.