जलचर विलगीकरण केंद्राचे पर्यावरणीय आघात मूल्यांकन

परदेशातून किंवा दुसऱ्या जलक्षेत्रातून आणलेले मासे, कोळंबी, शिंपले, बेडूक इत्यादी जलचर रोगमुक्त असल्याची खात्री पटेपर्यंत ज्या बंदिस्त जागेत ठेवले जातात, तिला जलचर विलगीकरण केंद्र म्हणतात. असे केंद्र उभारण्यापूर्वी त्याच्या बांधकामाचा, नित्य कामकाजाचा आणि तेथे घडू शकणाऱ्या अपघातांचा परिसरातील पाणी, जमीन, जीवसृष्टी व माणसे यांच्यावर काय परिणाम होईल, याचा आगाऊ केलेला अभ्यास म्हणजे त्या केंद्राचे पर्यावरणीय आघात मूल्यांकन होय. प्रकल्पांच्या अशा मूल्यांकनाला कायद्याचा आधार प्रथम मिळाला तो अमेरिकेत, १ जानेवारी १९७० रोजी अमलात आलेल्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याने.

केंद्र रोग अडवण्यासाठीच बांधले जाते, म्हणून ते निरुपद्रवी असणार असे मानण्याकडे कल असतो. हे गृहीतक चुकीचे आहे, कारण एरवी विखुरलेला धोका येथे एका छपराखाली गोळा होतो. नॉर्वेमध्ये १९७०च्या दशकात बाल्टिक भागातील मत्स्यबीजाबरोबर जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा जायरोडॅक्टिलस सॅलॅरिस हा परजीवी आला आणि सुमारे ५० नद्यांतील सॅमन माशांत पसरला. त्याचा नायनाट करण्यासाठी अनेक नद्यांत रोटेनोन हे विष सोडावे लागले आणि त्या पट्ट्यांतील इतर मासेही मारावे लागले. केंद्र नसेल तर काय होऊ शकते, हे यावरून दिसते. परंतु केंद्रातूनच गळती झाली तर परिणाम वेगळा होणार नाही. म्हणून ‘केंद्र न बांधणे’ आणि ‘ते दुसरीकडे बांधणे’ हे दोन्ही पर्याय अहवालात प्रामाणिकपणे तोलले गेले पाहिजेत.

जागेची निवड हा मूल्यांकनातील सर्वांत निर्णायक भाग आहे. पूररेषा, उधाणाच्या भरतीची पातळी, भूजलाची खोली, जवळची मत्स्यशेती आणि आणलेल्या जातींचे स्थानिक नातलग यांची नोंद बांधकामापूर्वी, निदान एका पूर्ण वर्षाच्या सर्व ऋतूंत व्हावी. उष्ण प्रदेशातील मासा थंड नदीत बहुधा तगणार नाही, पण त्याच्या अंगावरचा विषाणू तगू शकतो. त्यामुळे जातीचा आणि तिच्या रोगकारकांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. बांधकामातून होणारी धूळ, आवाज आणि गढूळपणा हे परिणाम इतर इमारतींसारखेच व बहुतांशी तात्पुरते असतात.

खरी कसोटी सांडपाण्याची असते. मासे ज्या पिशवीतून आले तिच्यातले पाणी, टाक्या धुतलेले पाणी, जाळी व गमबूट बुडवण्याच्या कुंडातले पाणी, हे सारे एकाच वाटेने शुद्धीकरणाकडे गेले पाहिजे. एखादी मोरी जरी पावसाच्या गटाराला जोडलेली राहिली, तरी पुढची सगळी यंत्रणा व्यर्थ ठरते. पाण्यात विष्ठा व उरलेले खाद्य असेल तर क्लोरीन त्यांच्यावरच खर्ची पडतो आणि अतिनील किरण गढूळ पाण्यात खोलवर पोहोचत नाहीत, म्हणून गाळणी नेहमी आधी असावी लागते. शिवाय सर्व रोगकारक सारखेच नाजूक नसतात. माशांच्या स्वादुपिंडाचा संसर्गजन्य ऊतकनाश घडवणारा विषाणू मारण्यासाठी इतर अनेक विषाणूंच्या मानाने कितीतरी पट अधिक अतिनील मात्रा लागते, त्यामुळे यंत्रणेची क्षमता सर्वांत चिवट रोगकारकावरून ठरवणे शहाणपणाचे असते.

निर्जंतुकीकरणाचीही स्वतःची झळ असते. पाण्यातील क्लोरीन लिटरमागे मिलिग्रॅमच्या काही शतांशाइतका उरला तरी संवेदनशील जलचरांना तो बाधतो, म्हणून पाणी सोडण्यापूर्वी सोडियम थायोसल्फेटने तो निष्प्रभ करतात. जंतू मारण्यासाठी समुद्राच्या पाण्यात ओझोन वायू सोडल्यास त्यातील ब्रोमाइडशी अभिक्रिया होऊन जास्त काळ टिकणारी, जलचरांना बाधणारी ऑक्सिडीकारक द्रव्ये तयार होतात. खारे पाणी गोड्या ओढ्यात किंवा शेतजमिनीत मुरले, तर रोगकारक एकही नसताना नुकसान होते. फॉर्मॅलिन व प्रतिजैविकांचे अवशेष, तसेच औषधांना दाद न देणारे जीवाणू यांचाही हिशेब मांडावा लागतो. मृत जलचर व गाळ यांच्यासाठी दहन किंवा अल्कली पाचन (तीव्र अल्कलीच्या गरम द्रावणात विरघळवणे) योग्य ठरते. पुरण्याचा मार्ग भूजल उथळ असलेल्या ठिकाणी टाळावा.

अनेक अहवालांत उणीव राहते ती नेमकी वाईट दिवसाच्या विचाराची. वीज गेलेली, जनरेटर सुरू न झालेला आणि बाहेर पुराचे पाणी चढत असलेले, अशी स्थिती गृहीत धरून टाक्यांतले सर्व पाणी सामावेल एवढा बंदिस्त हौद आराखड्यात आहे का, हे पाहिले पाहिजे. पक्षी, उंदीर, कीटक आणि कर्मचाऱ्यांचे ओले कपडे यांतूनही संसर्ग बाहेर पडू शकतो.

केंद्र सुरू झाल्यावर पाणी बाहेर पडण्याच्या जागेच्या वर आणि खाली ठरावीक अंतराने पाण्याचे व स्थानिक जलचरांचे नमुने तपासले जातात. ते ताडून पाहण्यासाठी बांधकामापूर्वीची नोंद हाताशी असावी लागते. ती नसेल तर एखादा रोग नदीत आधीपासून होता की केंद्रातून आला, हे पुढे सांगता येत नाही.