पिस्टन विमानांची निगा व तपासणी (ठाणे–नवी मुंबई परिसर)

खासगी मालकीच्या, एक किंवा दोन पिस्टन एंजिनांवर उडणाऱ्या हलक्या विमानांची ठरावीक मुदतीने होणारी पाहणी, दुरुस्ती आणि त्या कामाची लॉगबुकातील नोंद, या सर्वांना मिळून ही संज्ञा वापरतात. ‘हलके’ म्हणजे किती, यावर एकमत नाही. काही नियमपुस्तकांत कमाल उड्डाणवजनाची सीमा ५,७०० किग्रॅ.च्या आसपास धरली आहे. विमान देखभाल अभियंत्याच्या (एएमई) परवान्याचा ‘बी ३’ हा वर्ग मात्र २,००० किग्रॅ.पर्यंतच्या आणि केबिनमध्ये हवेचा दाब न राखणाऱ्या विमानांपुरता आहे. प्रस्तुत नोंदीत ही दुसरी, अरुंद व्याख्या घेतली आहे. सेसना १७२ हे तिचे नेहमीचे उदाहरण.

ठाणे जिल्ह्यात नागरी वापराचा विमानतळ नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, बहुधा १९४२ च्या सुमारास, ब्रिटिशांनी कल्याण–अंबरनाथजवळ नेवाळी येथे धावपट्टी बांधली. पुढे ती विमानांपेक्षा जमिनीच्या मालकीच्या वादामुळे, विशेषतः २०१७ च्या शेतकरी आंदोलनामुळे गाजली. डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालेला नवी मुंबईचा विमानतळ रायगड जिल्ह्यात येतो आणि तो मुख्यतः प्रवासी व मालवाहतुकीसाठी आहे. १९२८ चे जुहू जवळ असले, तरी तेथे आता राज्य हेलिकॉप्टरांचे. मालक घोडबंदर रोडला किंवा वाशीला राहत असला, तरी त्याचे विमान दुसऱ्या जिल्ह्यातील हँगरमध्ये ठेवावे लागते. अंतरामुळे ते कमी उडते, आणि पुढील बहुतेक अडचणी येथूनच सुरू होतात.

१९३४ च्या विमान अधिनियमाची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली. उड्डाणयोग्यतेचे पुनरावलोकन, एएमईची सही, मान्यताप्राप्त संस्थेतच काम करून घेणे हे सारे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या चौकटीत चालते.

मुदतवार तपासणीचा पाया कितपत भक्कम आहे, हा या विषयातील सर्वांत जुना वाद. वर्षातून एकदा, किंवा विमान भाड्याने चालत असेल तर दर १०० उड्डाणतासांनी तपासणी, ही पद्धत अमेरिकी नियमांमुळे जगभर रुळली. तेथे दोन्ही तपासण्यांची यादी एकच आहे. तिच्यामागचे गृहीतक असे, की यंत्र जितके चालेल तितके झिजेल, म्हणून ठरल्या वेळी उघडून पाहावे. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन यांच्या गटाने युद्धकाळात किनारी गस्तीच्या विमानांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा उलटेच चित्र दिसले : ५० तासांच्या तपासणीनंतर लगेच बिघाड वाढत आणि पुढे हळूहळू कमी होत. उघडण्या-जोडण्यातच चुका शिरत होत्या. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन व हीप यांच्या १९७८ च्या अहवालाने प्रवासी विमानांच्या बाबतीत याला दुजोरा दिला. त्यांनी अभ्यासलेल्या सुट्या भागांपैकी ६८ टक्के भागांत सुरुवातीला बिघाडाचे प्रमाण जास्त होते, मग ते स्थिरावले. यावरून काही अभ्यासक ‘अवस्था पाहून दुरुस्ती’ हाच मार्ग योग्य मानतात. त्यांचे म्हणणे एकंदरीत पटण्याजोगे आहे. मात्र ते निष्कर्ष रोज उडणाऱ्या विमानांवरून काढलेले आहेत. महिना-महिना हँगरात उभ्या असणाऱ्या चार सिलिंडरांच्या एंजिनाला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत.

अवस्था पाहण्याचे परिचित साधन म्हणजे काँप्रेशन चाचणी. एंजिन गरम असताना पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये ८० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाची हवा सोडतात आणि किती दाब टिकतो ते पाहतात. पंखा दुसऱ्याने घट्ट धरायचा असतो. हात सुटला तर तो फिरतो. आकड्याइतकाच कान महत्त्वाचा. सुस्कारा एक्झॉस्टमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बुरेटरच्या बाजूने आला तर इनटेक, आणि तेल भरण्याच्या तोंडातून आला तर पिस्टन रिंगा गळतात. एंजिने बनवणारी लायकमिंग कंपनी ७० च्या वरचे, जवळपास सारखे आकडे समाधानकारक मानते. ६० च्या खाली गेल्यास सिलिंडर काढण्याचा विचार करायला सांगते. काँटिनेंटल ही दुसरी एंजिन कंपनी मात्र चाचणीयंत्रातील प्रमाण छिद्रावरून त्या दिवसाची खालची मर्यादा ठरवते. ती बहुधा चाळिशीत येते. जोडीला बोरोस्कोपने (बारीक नळीच्या कॅमेऱ्याने) आतून पाहावे लागते. एकाच आकड्यावर सिलिंडर उतरवू नये, याकडे आता कल आहे.

खाडीकाठच्या कोणत्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला ग्रिलच्या गंजाबद्दल विचारावे. एंजिनाची गोष्ट वेगळी नाही. लायकमिंगच्याच सूचनेनुसार दमट प्रदेशात नव्या एंजिनाच्या सिलिंडरभिंतींवर अवघ्या दोन दिवसांत गंज धरू शकतो. या एंजिनांत कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वर असतो, त्यामुळे उभ्या एंजिनात त्यावरचे तेल निथळून जाते. गंजाने कॅमला खड्डे पडतात, त्यावर टेकणाऱ्या टॅपेटचे पापुद्रे निघतात, आणि सिलिंडर न उतरवता ते सहसा दिसत नाही. ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्यांत लोखंडाचा चुरा शोधणे एवढेच हाती उरते. रविवारी जाऊन दहा मिनिटे एंजिन ‘फिरवून ठेवणे’ हा मालकांचा आवडता उपाय अपायकारक आहे : ज्वलनातून आलेले पाणी उडून जाण्याइतके तेल तापत नाही. पावसाळ्यात विमान उभेच राहणार असेल, तर संरक्षक तेल भरून स्पार्क प्लगांच्या जागी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलचे प्लग लावतात. त्यांचे निळे दाणे गुलाबी झाले की प्लग बदलायचे. पिटो नळीवर (हवेतील वेग मोजणाऱ्या नळीवर) आवरण हवेच. कुंभारीण माशीला ते भोक मातीचे घर बांधायला अगदी मापाचे वाटते.

सुट्या भागांची गोष्ट वेगळी. वागळे इस्टेटमध्ये किंवा महापेला हुबेहूब बोल्ट कातून मिळेल, कदाचित सरसही. पण विमानाला तो चालत नाही. एएन या विमानी मानकाच्या पोलादी बोल्टच्या डोक्यावर फुलीसारखी खूण असते, आणि खुणेपेक्षाही त्याच्यासोबतचा प्रमाणित कागद महत्त्वाचा. कागद हरवला, की बोल्ट कितीही चांगला असला तरी तो भंगार.

इंधन म्हणून १०० एलएल हे निळसर, शिसेयुक्त एव्हगॅस (विमानी पेट्रोल) वापरतात. ते पूर्वी आयात होई. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये देशी उत्पादन बाजारात आणले. शिशाचे कण खालच्या स्पार्क प्लगांत साचतात, म्हणून ते वरच्यांशी अदलाबदल करून बसवण्याची प्रथा आहे. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेतले पाणी उतरते. पहिल्या उड्डाणापूर्वी टाकीच्या तळातून पारदर्शक पेल्यात थोडे इंधन काढून पाहतात. पाणी असेल तर निळ्या इंधनाखाली बिनरंगी थेंब वेगळा दिसतो. सगळा पेलाच बिनरंगी दिसला, तर ते इंधन नसून निव्वळ पाणी असू शकते.