देव डावखुरा आहे का?

जानेवारी १९५७ मध्ये वोल्फगांग पाउली यांनी आपले जुने सहकारी व्हिक्टर वाइसकोफ यांना एक पत्र लिहिलं. पाउली म्हणजे भौतिकशास्त्रातली बडी असामी. नोबेल विजेते, आणि दुसऱ्याच्या कल्पनेची चार शब्दांत वासलात लावण्याबद्दल ख्यातनाम. पत्राचा मथितार्थ असा होता, की देव किंचित डावखुरा असेल यावर आपला विश्वास बसत नाही आणि त्यावर मोठी पैज लावायची आपली तयारी आहे. पैज घ्यायला कुणी पुढे आलं नाही, हे पाउलींचं नशीब.

वाद आरशाचा होता. एखादी घटना आरशात पाहिली, तर आरशात दिसते तशी घटनाही निसर्गात घडू शकते, असं तोवर सगळे धरून चालले होते. गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकीय बल यांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर टाकणाऱ्या क्षीण बलाच्या बाबतीत ते कुणी तपासलेलंच नाही, हे त्सुंग-दाओ ली आणि चेन-निंग यांग यांनी १९५६ मध्ये दाखवून दिलं. तपासण्याचं काम च्येन-शियुंग वू यांनी अंगावर घेतलं. त्यांनी किरणोत्सारी कोबाल्ट-६० निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, म्हणजे जेमतेम एक शतांश अंश वर राहील इतका थंड केला. चुंबकीय क्षेत्र लावून त्याची अणुकेंद्रं एकाच बाजूने फिरतील अशी रांगेत आणली आणि इलेक्ट्रॉन कुठल्या बाजूला किती निघतात ते मोजलं. इतकी थंडी हवी, कारण जराशा उष्णतेनेही ही रांग मोडते. नमुना गरम होत गेला तसा मापनातला फरक काही मिनिटांतच पुसला गेला. पण थंडी टिकून होती तोवर तो स्पष्ट होता. अणुकेंद्राच्या अक्षाच्या एका टोकाकडून इलेक्ट्रॉन जास्त निघत होते, दुसऱ्याकडून कमी. हाच प्रयोग अक्षाला समांतर धरलेल्या आरशात पाहिला, तर अणुकेंद्राचं फिरणं उलटं दिसतं, पण इलेक्ट्रॉन मात्र पूर्वीच्याच बाजूला जाताना दिसतात. आणि तसं प्रत्यक्षात कधीच होत नाही. थोडक्यात, निसर्ग डावं-उजवं करतो.

निकाल कळल्यावर पाउलींनी वाइसकोफ यांना पुन्हा लिहिलं: बरं झालं पैज लागली नाही, फार पैसे गेले असते. त्यांच्या वाक्यातला देव हा कुणाच्या पूजेतला देव नव्हता. जग कसं असायला हवं याविषयीची स्वतःची आवड ते त्या नावाने सांगत होते. फासे न टाकणारा आइन्स्टाइन यांचा देवही याच जातकुळीतला. मूलकणांचे शोध श्रद्धेला धक्का देतात असं म्हणतात तेव्हा मला वाटतं, पहिला धक्का शास्त्रज्ञांच्याच सौंदर्यदृष्टीला बसलेला असतो. धर्मग्रंथांचा नंबर त्यात फार मागे लागतो.

याच प्रकरणात आणखी एक माणूस होता. १९५६ च्या सप्टेंबरमध्ये पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम अमेरिकेहून लंडनला रात्रीच्या विमानाने परतत होते. न्यूट्रिनोला (इलेक्ट्रॉनसोबत बाहेर पडणारा, विद्युतभार नसलेला कण) वस्तुमान नसेल तर तो कायम एकाच हाताचा राहील, म्हणजे जाण्याच्या दिशेभोवती नेहमी एकाच बाजूने फिरेल, आणि मग क्षीण बलाचा हा पक्षपात आपोआप समजेल, ही कल्पना त्यांना त्या प्रवासात सुचली. त्यांनी ती पाउलींकडे पोचवली. उलट निरोप आला, ‘माझे मित्र सलाम यांना नमस्कार सांगा आणि म्हणावं, याहून बरं काहीतरी शोधा.’ काही महिन्यांतच वू यांचा निकाल आला. (न्यूट्रिनोला अगदी थोडं का होईना, पण वस्तुमान असतं हे पुढे सिद्ध झालं. तरीही क्षीण बलाच्या व्यवहारात दिसतात ते न्यूट्रिनो डावेच.)

पुढे १९६७-६८ मध्ये सलाम आणि स्टीव्हन वाइनबर्ग यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवलं, की क्षीण बल आणि विद्युतचुंबकीय बल ही मुळात एकाच बलाची दोन रूपं आहेत. शेल्डन ग्लाशो यांच्यासह दोघांना १९७९ चं नोबेल मिळालं. सिद्धांताने वर्तवलेले डब्ल्यू आणि झेड हे कण १९८३ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत सापडले. सलाम श्रद्धाळू मुसलमान होते. पगडी आणि अचकन घालून ते नोबेल समारंभाला गेले आणि मेजवानीच्या भाषणात त्यांनी कुराणातल्या ओळी उद्धृत केल्या. दयाळू परमेश्वराच्या निर्मितीत कुठे खोट दिसते का, पुन्हा पाहा, अशा आशयाच्या त्या ओळी होत्या. वाइनबर्ग ठाम नास्तिक. विश्व जितकं अधिक कळत जातं तितकं ते अधिक निरर्थक वाटू लागतं, हे त्यांचं वाक्य आजही वादांत फेकलं जातं. ते फेकणारे पुढचं सहसा सांगत नाहीत. विश्व समजून घेण्याची धडपड माणसाच्या आयुष्याला प्रहसनाच्या थोडं वर नेते, त्याला शोकांतिकेची थोडी शान देते, असंही वाइनबर्ग यांनी तिथेच लिहिलं होतं.

दोन माणसं, दोन टोकांच्या धारणा आणि समीकरण एकच. सलाम यांनी स्वतः हे मान्य केलं होतं. मात्र जाता जाता त्यांनी एक पुस्ती जोडली: ‘एकत्वाकडे माझा ओढा असेलच, तर तो माझ्या मुस्लिम संस्कारांतून नकळत आलेला असेल.’ मूलकणशास्त्र आणि श्रद्धा यांच्या नात्याबद्दल मी जे काही वाचलं आहे, त्यात मला हे सर्वांत प्रामाणिक वाटतं. काय शोधायचं हे श्रद्धा सुचवू शकते. काय सापडेल यावर तिची काही सत्ता चालत नाही. सलाम यांना त्रास झाला तो समीकरणांमुळे नव्हेच. ते अहमदिया पंथाचे होते. पाकिस्तानने १९७४ मध्ये त्या पंथाला गैरमुस्लिम ठरवलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर थडग्यावरच्या ‘पहिले मुस्लिम नोबेल विजेते’ या मजकुरातला ‘मुस्लिम’ हा शब्द पुसण्यात आला.

सलाम-वाइनबर्ग सिद्धांताला एका गोष्टीची गरज होती. डब्ल्यू आणि झेड जड आहेत, प्रकाशकण मात्र वस्तुमानहीन. हा भेद कुठून आला? पीटर हिग्ज, फ्रांस्वा एंगलेअर, रॉबर्ट ब्राउट आणि इतर काहींनी १९६४ मध्ये सुचवलेलं क्षेत्र इथे कामी आलं. त्या क्षेत्राचा कण, म्हणजे हिग्ज कण, ४ जुलै २०१२ रोजी सर्नने जाहीर केला आणि जगभर ‘देवकण’ सापडल्याचे मथळे झळकले. हे नाव भौतिकशास्त्रज्ञ लिऑन लेडरमन यांच्या १९९३ च्या पुस्तकातून आलं. हा कण इतका छळतो की आपल्याला त्याला शिवीच घालायची होती, प्रकाशकाने ती छापू दिली नाही, असं त्यांनी त्यात गमतीने लिहिलं आहे. हिग्ज स्वतः नास्तिक होते आणि हे नाव त्यांना कधीच आवडलं नाही. तेवढ्यावर हा विषय सोडलेला बरा.

या कणाचं खरं काम मथळ्यांहून जास्त विचित्र आहे. हिग्ज क्षेत्र सगळीकडे पसरलेलं आहे, अगदी निर्वात पोकळीतही. इलेक्ट्रॉनसारखे मूलकण त्याच्याशी निगडित आहेत म्हणून त्यांना वस्तुमान आहे. चिखलातून चालणाऱ्या माणसाची उपमा इथे नेहमी दिली जाते, ती फसवी आहे. चिखल चालणाऱ्याला थांबवतो, हिग्ज क्षेत्र कुणाचा वेग कमी करत नाही. आणि ‘सगळ्याला वस्तुमान देणारा कण’ हेही खरं नाही. आपल्या शरीराचं बहुतेक सगळं वजन प्रोटॉन आणि न्यूट्रॉनचं. त्यांच्यातल्या क्वार्क नावाच्या मूलकणांना हिग्ज क्षेत्रामुळे मिळालेलं वस्तुमान जेमतेम एक टक्का भरतं. उरलेलं सगळं म्हणजे क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन यांची कोंडलेली ऊर्जा. आपण ज्याला ठोस पदार्थ म्हणतो तो आतून पाहिला तर बहुतांशी हालचाल आहे. जडवाद म्हणजे ‘शेवटी सगळं भरीव गोळ्यांचं बनलेलं आहे’ एवढंच ज्यांना वाटतं, त्यांचे गोळे मूलकणशास्त्राने केव्हाच काढून घेतले आहेत. यावरून ‘म्हणजे सगळं चैतन्यच’ अशी उडी मारणाऱ्यांनाही त्यात आधार नाही. ऊर्जा ही मोजता येणारी राशी आहे, एवढाच तिचा अर्थ.

हिग्ज कण कुणी पाहिला, असा प्रश्न श्रद्धेच्या चर्चेत हमखास येतो. कुणीच नाही. २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात प्रोटॉन एकमेकांवर आदळतात. साधारण अब्जभर टकरींतून एखादा हिग्ज निर्माण होतो आणि सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या अब्जाव्या भागाहूनही खूप आधी मोडतो. हाती येतात ते त्याचे अवशेष, उदाहरणार्थ प्रकाशकणांची जोडी. अशा असंख्य जोड्यांच्या ऊर्जेचा आलेख काढला, तर १२५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी (हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक) एक छोटासा उंचवटा दिसतो. हिग्ज नसतानाही असा उंचवटा निव्वळ योगायोगाने उठण्याची शक्यता पस्तीस लाखांत एक इतकी खाली आली, तेव्हाच शोध जाहीर झाला, तोही अ‍ॅटलस आणि सीएमएस या दोन वेगवेगळ्या गटांनी तपासून. ही अट उगाच नाही. डिसेंबर २०१५ मध्ये याच यंत्रात ७५० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी असाच एक उंचवटा दिसला, पण त्याची खात्री कमी होती. सिद्धांत मांडणाऱ्यांनी त्यावर शेकडो निबंध लिहिले, नवे कण, नवी बलं, सगळं रचून झालं. ऑगस्ट २०१६ मध्ये जास्त माहिती जमा झाली आणि उंचवटा नाहीसा झाला. प्रत्येक ज्ञात कणाला एक जड जोडीदार असतो असं सांगणाऱ्या महासममितीचे कण तर कित्येकांनी अनेक दशकं गृहीतच धरले होते. ते आजवर सापडलेले नाहीत. विज्ञानातही श्रद्धा असते, हे म्हणणं म्हणूनच चूक नाही. फक्त तिला कुठे आणि कशी खोटी पाडता येईल हे आधी सांगावं लागतं.

अर्थाचा प्रश्न सर्वांत जवळून भिडतो तो आकड्यांपाशी. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा सुमारे ०.१४ टक्क्यांनी जड आहे, कारण त्यात जास्त असलेला डाउन जातीचा क्वार्क हा प्रोटॉनमध्ये जास्त असलेल्या अप क्वार्कपेक्षा थोडा जड. हे उलटं असतं तर प्रोटॉन मोडून न्यूट्रॉन झाले असते, हायड्रोजन टिकला नसता, पाणी नसतं, सूर्यही असा नसता. आता या फरकामागे कुणाचा हेतू आहे का? काही आस्तिक हो म्हणतात. काही भौतिकशास्त्रज्ञ म्हणतात, असंख्य विश्वं असतील आणि आपण अर्थातच आपल्याला जगता येईल अशा विश्वात आहोत. माझ्या मते दोन्ही उत्तरं सध्या एकाच पायरीवर उभी आहेत: पडताळायची सोय दोघांकडेही नाही. वस्तुमानं जशी आहेत तशी का, याचं कारण उद्या एखाद्या सखोल सिद्धांतातून निघालं तर दोन्ही पक्षांची पंचाईत होईल.

याचा अंदाज असलेला माणूस म्हणजे जॉर्ज लमेत्र. विश्व एका आद्य अणूतून सुरू झालं असं १९३१ मध्ये मांडणारे लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी विश्वाच्या या आरंभात निर्मात्याची साक्ष पाहिली, तेव्हा आनंद व्हायचा सोडून लमेत्र अस्वस्थ झाले. सिद्धांत बदलू शकतात, त्यांच्यावर धर्माची इमारत उभारू नये, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी तो दावा टाळला.

आपल्याकडे याची दुसरी आवृत्ती चालते. भारत सरकारने २००४ मध्ये भेट दिलेली नटराजाची मूर्ती सर्नच्या आवारात उभी आहे. कणांची सतत चाललेली निर्मिती आणि विनाश यांचं ते एक सुंदर प्रतीक आहे, आणि तेवढंच आहे. ‘आपल्या पूर्वजांना हे ठाऊकच होतं’ म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो: २०१२ च्या आधी कुठल्या श्लोकातून १२५ हा आकडा काढता आला असता? तो काढता येत नाही म्हणून श्लोकाची किंमत तसूभरही कमी होत नाही. ते त्याचं काम नव्हतं.

काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे, हा तत्त्वज्ञानाचा आवडता प्रश्न मात्र थोडाफार प्रयोगशाळेत आला आहे. विश्वाच्या सुरुवातीला द्रव्य आणि प्रतिद्रव्य (तशाच, पण उलट विद्युतभाराच्या कणांचं द्रव्य) जवळजवळ समसमान होतं. दोघं भेटले की एकमेकांना नष्ट करतात. अब्जामागे साधारण एक कण जास्त होता, तो उरला. आकाशगंगा, ग्रह, आपण, सगळे त्या उरलेल्या कणांचे. हा फरक पडायला द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्या वागणुकीत भेद असावा लागतो, हे आंद्रेई साखारोव्ह यांनी १९६७ मध्ये मांडलं. तसा भेद जेम्स क्रोनिन आणि व्हॅल फिच यांना १९६४ मध्येच केऑन कणांत दिसला होता. प्रोटॉन ज्या कुळातला आहे त्या बॅरिऑन कणांत तो २०२५ मध्ये सर्नच्या एलएचसीबी प्रयोगात प्रथमच पक्का झाला, तोही अडीच टक्क्यांच्या आसपास. पण आजच्या सिद्धांतात बसणारा भेद सगळं द्रव्य उरायला पुरत नाही, कित्येक पटींनी कमी पडतो. उरलेला भेद कदाचित न्यूट्रिनोंमध्ये दडलेला असेल. जपान आणि अमेरिकेतले प्रयोग सध्या न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो यांच्या शेकडो किलोमीटरच्या प्रवासांची तुलना करत आहेत.