जेआरपीजीचा वेग कुठे हरवला

जपानी रोल-प्लेइंग गेम (जेआरपीजी), म्हणजे एखादं पात्र होऊन लांबलचक गोष्ट खेळायचे गेम. त्यांचे दोन चाहते एकत्र आले की वाद ठरलेला. एक म्हणतो, 'क्रोनो ट्रिगर' या जुन्या गेमनंतर सगळं उतरणीला लागलं. दुसरा त्यामानाने नवा 'पर्सोना ५' पुढे करतो. मग ग्राफिक्स, कथा, संगीत यांवरून खेचाखेची. माझ्या मते या भांडणाचं मूळ तारखांमध्ये आहे, आणि त्यासाठी थेट १९८६ गाठावं लागतं.

२७ मे १९८६ रोजी निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर 'ड्रॅगन क्वेस्ट' आला. त्याचे कर्ते युजी होरी यांना कॉम्प्युटरवरच्या 'अल्टिमा' आणि 'विझर्ड्री' या अमेरिकन गेमनी झपाटलं होतं. पण ते गेम कीबोर्डवाले आणि किचकट. तीच मजा दोन बटणांच्या कंट्रोलरवर, शाळकरी पोरांनाही झेपेल अशी त्यांना आणायची होती. चित्रं अकिरा तोरियामांची, संगीत कोइची सुगियामांचं. आणि हे सगळं ६४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये. व्हॉट्सअॅपवर रोज येणारा 'शुभ सकाळ'चा फोटोसुद्धा याहून जड असतो.

ही टंचाई गेममध्ये पावलोपावली दिसते. जपानी काताकाना लिपीतली जेमतेम वीसेक अक्षरं बसत होती, म्हणून राक्षसांची आणि मंत्रांची नावं तेवढ्याच अक्षरांतून जुळवली. नायकाचं चित्र एकाच बाजूचं. तो वर जावो की डावीकडे, तोंड कायम आपल्याकडे, चाल खेकड्याची! त्यामुळे कुणाशी बोलायचं तर 'बोला' निवडून शिवाय कुठल्या दिशेला, हेही सांगावं लागे. सेव्ह करायची सोय नव्हतीच. राजाकडे गेलं की तो हिरागाना या दुसऱ्या जपानी लिपीतल्या वीस अक्षरांचा 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' द्यायचा आणि तो वहीत उतरवून घ्यायचा. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या भागात हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत गेला. जुन्या टीव्हीच्या धूसर पडद्यावर 'ने'चा 'नु' वाचला, की दुसऱ्या दिवशी उत्तर एकच: मंत्र चुकीचा आहे. आठवडाभराची मेहनत पाण्यात.

तिसऱ्या भागात बॅटरीवर चालणारा सेव्ह आला. तो १० फेब्रुवारी १९८८ रोजी, बुधवारी, विक्रीला निघाला आणि शाळा बुडवून दुकानांपुढे रांगा लावलेली पोरं पोलिसांच्या हाती लागली. चौथा भाग मग रविवारी आणला गेला. (त्यासाठी सरकारने कायदा केला, ही निव्वळ दंतकथा, पण सांगणारे अजून रंगवून सांगतात.)

डिसेंबर १९८७ मध्ये हिरोनोबू साकागुचींचा 'फायनल फँटसी' आला, आणि इथून तारखा बघण्यासारख्या आहेत. पहिले सहा भाग सात वर्षांच्या आत बाहेर पडले, सहावा १९९४ मध्ये. हे जमलं कारण चित्रं स्वस्त होती. एक झाड काढायचं आणि त्याचं जंगल करायचं. पात्राने मान खाली घातली की त्याला वाईट वाटलंय, हे आपण समजून घ्यायचं. चेहरा दिसतच नसे. तो खेळणारा मनात काढायचा. जुन्या गेमची जी 'जादू' म्हणतात, तिचा बराचसा वाटा या उधारीचा आहे.

सहाव्या भागाचं कार्ट्रिज ३ मेगाबाइटचं होतं. सीडीत साडेसहाशेच्या आसपास मावत. निन्टेन्डोने पुढच्या यंत्रातही कार्ट्रिजच ठेवल्यावर 'फायनल फँटसी' काढणारी स्क्वेअर कंपनी सोनीच्या प्लेस्टेशनकडे गेली, आणि जानेवारी १९९७ मध्ये 'फायनल फँटसी ७' तीन सीडींवर आला. एक कोटीहून जास्त प्रती विकल्या गेल्या. १९९९ मध्ये आठवा, २००० मध्ये नववा, २००१ मध्ये दहावा. अधेमधे 'झेनोगिअर्स', 'सुइकोडेन २', 'क्रोनो क्रॉस'. सुवर्णकाळ म्हणतात तो हाच, आणि त्यात खोट काढायला मीही धजावणार नाही.

पण दहाव्या भागातच पुढच्या अडचणीची चाहूल आहे. पात्रांना पहिल्यांदा आवाज मिळाला. नायक टिडसचं नाव मात्र खेळणाऱ्याला बदलता येतं, म्हणून अख्ख्या गेममध्ये त्याला त्या नावाने कुणी हाकच मारत नाही. आवाज आला तशी मोकळीक गेली. पायी हिंडायचा जगाचा नकाशाही याच भागात गेला. त्याच वर्षी स्क्वेअरचा अॅनिमेशन चित्रपट आपटला आणि २००३ मध्ये स्क्वेअर नि 'ड्रॅगन क्वेस्ट'वाली एनिक्स कंपनी एक झाल्या.

बारीकसारीक तपशील स्पष्ट दाखवणारी एचडी यंत्रं आल्यावर हिशेबच फिसकटला. आता गाव दाखवायचं तर प्रत्येक दुकानाची पाटी, प्रत्येक कौल वेगळं काढायचं. २००९ च्या तेराव्या भागाने म्हणूनच की काय, गावं जवळजवळ काढूनच टाकली. अकराव्या प्रकरणापर्यंत आपण एका लांबलचक बोळातून चालत राहतो. २००६ मध्ये 'व्हर्सस १३' या नावाने जाहीर झालेला गेम 'फायनल फँटसी १५' होऊन २०१६ मध्ये हाती पडला. जपानी आरपीजी संपला, अशी ओरड याच काळातली. खरं तर तो छोट्या पडद्यावर राहायला गेला होता: 'ड्रॅगन क्वेस्ट'चा नववा भाग हातात धरून खेळायच्या निन्टेन्डो डीएसवर आला.

आता हिशेब मांडा. १९८७ मध्ये दहा वर्षांचा असलेला पोरगा २००१ मध्ये चोविशीत आला, तोवर त्याच्या वाट्याला 'फायनल फँटसी'चे दहा मुख्य भाग आले. २००९ मध्ये दहा वर्षांचा असलेला २०२३ मध्ये चोविशीत आला. ऑनलाइन चालणारा चौदावा सोडला तर त्याला मिळाले तीन. पहिला मालिकेबरोबर मोठा झाला, दुसरा वाट बघत. दर्जाची तुलना करताना ही गोष्ट कुणी धरतच नाही.

आपल्याकडे हा पहिला पोरगा जवळपास नव्हताच. नव्वदच्या दशकातल्या आपल्या 'नाइन्टी-नाइन इन वन' कार्ट्रिजवर 'मारिओ' आणि 'काँट्रा' होते. बॅटरी लागणाऱ्या, जपानी मजकुराने भरलेल्या गेमचं तिथे काय काम? आपल्यातल्या अनेकांची पहिली जेआरपीजी म्हणजे कॉम्प्युटरवर एम्युलेटर (गेमयंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) टाकून खेळलेला 'पोकेमॉन'. त्यामुळे सुवर्णकाळाचा आपला उमाळा बराचसा ऐकीव आहे, हे कबूल केलेलं बरं.

बाकी कसब कमी झालंय असं मला दिसत नाही. २०१७ चा 'ड्रॅगन क्वेस्ट ११' टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने वार करायची लढाई जराही न लाजता मांडतो आणि कुठल्याही जुन्या भागाशेजारी ताठ उभा राहतो. 'ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर'ने २०१८ मध्ये जुनी ठिपक्यांची चित्रं नव्या प्रकाशात ठेवून खर्चाच्या कोंडीतून एक वाट काढली. सोळाव्या 'फायनल फँटसी'बद्दल मात्र माझी तक्रार आहे: लढताना एकट्या नायकाला, क्लाइव्हला, हाताळायचं, पार्टी म्हणजे सोबत्यांची टोळी अशी काही बांधायचीच नाही. त्याचे निर्माते नाओकी योशिदा यांनी २०२३ मध्ये सांगितलं होतं की 'जेआरपीजी' हा शब्द पहिल्यांदा कानावर आला तेव्हा अनेक जपानी निर्मात्यांना तो हिणवल्यासारखा वाटला. त्यानंतर दोनच वर्षांनी फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या एका नव्या चमूने 'क्लेअर ऑब्स्क्यूर' हा गेम आणला, तो उघडपणे याच परंपरेचं नाव घेत.

आणि 'फायनल फँटसी'च्या सातव्या भागाचा रीमेक? मूळ गेममध्ये मिडगार शहर पाच-सात तासांत मागे पडतं. २०२० मध्ये तेवढ्याच भागाचा तीस-चाळीस तासांचा अख्खा गेम झाला. त्यातला सेक्टर ७ हा झोपडपट्टीचा भाग गल्लीगल्लीने फिरता येतो, दाराआडून भांडणं ऐकू येतात, मांजरं शोधून द्यावी लागतात. सुरेखच आहे ते. फक्त दुसरा भाग यायला २०२४ उजाडलं, आणि १९९७ मध्ये तीन सीडींत संपलेली गोष्ट त्या भागाअखेरही अर्धीच होती.