आवाजावरून वंश ओळखता येतो का?

‘कृष्णवर्णीयांचा घसाच वेगळा असतो, म्हणून फोनवरही वंश कळतो’ हा समज अमेरिकेत फार जुना आहे.

यातला अनुभव बराचसा खरा आहे. तिथले लोक नुसत्या ‘हॅलो’वरूनही बोली पुष्कळदा ओळखतात. पण बोली घशातून येत नाही, ती आजूबाजूच्यांकडून शिकली जाते. तान्हेपणी दत्तक गेलेलं मूल दत्तक घराच्याच हेलात बोलतं. स्वरतंतूंची लांबी पुरुषांत साधारण १७ ते २५ आणि स्त्रियांत १२ ते १७ मिलिमीटर. म्हणजे एकाच घरातही केवढा फरक! १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रयोगात एकाच माणसाने तीन बोलींत घरमालकांना फोन केले. घर दाखवायला होकार मिळण्याचं प्रमाण बोलीगणिक बदललं. घसा तोच होता.

दुसरी बाजू जास्त चमत्कारिक आहे: कान डोळ्यांचंही ऐकतो. १९९२च्या एका प्रयोगात एकच रेकॉर्डिंग काहींना गोऱ्या, तर काहींना आशियाई चेहऱ्याच्या फोटोसोबत ऐकवलं. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना परके उच्चार ऐकू आले.

हे तपासता येतं. परदेशात असाल तर एकाच गावात वाढलेल्या, वेगवेगळ्या वंशांच्या सहा-आठ जणांकडून एकच उतारा वाचून घ्या. फोन तोच, अंतर तेवढंच, खोली शांत. नाहीतर लोक आवाजाऐवजी खरखर ओळखतात. क्रम बदलून अनोळखी श्रोत्यांना ऐकवा. फोटोचा प्रयोग करायचा तर दोन फोटोंसाठी दोन वेगळे गट घ्या. एकाच गटाला रेकॉर्डिंग दोनदा ऐकवलं की युक्ती लगेच कळते.