काल्चोपोली

काल्चोपोली : इटलीच्या व्यावसायिक फुटबॉलमधील पंचनियुक्तीचा घोटाळा. तो मे 2006 मध्ये उघडकीस आला. तुरीनच्या युव्हेंटस क्लबचे महाव्यवस्थापक लुचियानो मोज्जी आणि पंचांच्या नेमणुका करणारे पाओलो बेर्गामो व पिएरलुइजी पाइरेत्तो यांच्यातील फोनवरची संभाषणे वृत्तपत्रांत छापून आली. पुढे एसी मिलान, लात्सिओ, फियोरेन्तिना आणि रेज्जिना हे क्लबही त्यात अडकले.

पैसे घेऊन सामना विकण्याचा प्रकार इटलीला नवा नव्हता. मार्च 1980 मध्ये सट्टेबाजीच्या प्रकरणात खेळाडूंना थेट मैदानांवरून ताब्यात घेतले गेले होते आणि मिलान व लात्सिओची रवानगी दुसऱ्या श्रेणीत झाली होती. काल्चोपोलीचे स्वरूप मात्र वेगळे होते. येथे पैशापेक्षा वशिला मोठा होता. लीगच्या सामन्यांसाठी पंचांचे गट पाडून त्यांतून सोडत काढली जाई. गट कसे पाडायचे हे बेर्गामो आणि पाइरेत्तो ठरवत, आणि कोणता पंच कोणत्या गटात असावा यावर मोज्जी त्यांच्याशी बोलत. कोणी ऐकू नये म्हणून मोज्जींनी काही जणांना परदेशी सिमकार्डे पुरवली होती. नोव्हेंबर 2004 मध्ये रेज्जिनाकडून हरल्यावर आपण पंचाला खोलीत कोंडले, अशी बढाईही त्यांनी फोनवर मारली. खोलीला खरोखर कुलूप लागले होते हे सिद्ध झाले नाही. पण अशी बढाई मारावीशी वाटणे हेच त्या काळाचे लक्षण मानले पाहिजे. टीव्हीवरच्या चर्चेत संथगती चित्रफीत दाखवताना पंचाला सांभाळून घ्यायचे की झोडपायचे, यासाठीही त्यांचे फोन जात.

मोज्जींचे चिरंजीव खेळाडूंचे व्यवहार पाहणारी एजन्सी चालवत. बँका आणि मोठ्या उद्योगांच्या प्रमुखांची मुले त्या एजन्सीशी जोडलेली होती. कामापेक्षा घराणे आणि ओळख वरचढ ठरण्याची ही रीत इटलीच्या सार्वजनिक जीवनात सर्वत्र होती. म्हणूनच हे प्रकरण केवळ खेळापुरते राहत नाही. मिलानचे मालक सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी 2001 ते 2006 या काळात देशाचे पंतप्रधान होते. त्यांच्या सरकारने 2003 मध्ये क्लबांना खेळाडूंच्या घटलेल्या किमतीचा तोटा 10 वर्षांत विभागून दाखवण्याची मुभा देणारा कायदा केला. युरोपीय आयोगाने त्यास हरकत घेतली. नियम बनवणारा आणि नियमांतून सुटू पाहणारा एकाच दालनात बसला, की पंचाच्या शिटीवरचा विश्वास उडायला वेळ लागत नाही.

फुटबॉल महासंघाने चौकशीची सूत्रे फ्रांचेस्को साव्हेरिओ बोर्रेल्ली यांच्याकडे दिली. 1992 पासून मिलान शहरात राजकीय लाचखोरीचा तपास करणाऱ्या सरकारी वकिलांचे ते प्रमुख होते. त्या तपासाने जुने पक्ष मोडून पडले, पण जुन्या सवयी टिकल्या. 14 वर्षांनी त्याच माणसाला फुटबॉलची साफसफाई करायला बोलवावे लागले, यातच बरेच काही आले.

9 जुलै 2006 रोजी बर्लिनमध्ये इटलीने फ्रान्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून विश्वचषक जिंकला. त्या अंतिम सामन्यात दोन्ही संघांकडून मिळून युव्हेंटसचे 8 खेळाडू उतरले होते. लगेच घोटाळ्यात अडकलेल्यांना माफी देण्याची भाषा सुरू झाली. न्यायमंत्री क्लेमेन्ते मास्तेल्ला यांनीही तो विचार बोलून दाखवला. पाच दिवसांनी महासंघाच्या न्यायाधिकरणाचा निकाल आला. युव्हेंटसची 2004-05 आणि 2005-06 ही दोन विजेतेपदे गेली आणि क्लब उणे 30 गुणांसह दुसऱ्या श्रेणीत ढकलला गेला. मग अपिले सुरू झाली. 30 चे 17 झाले, 17 चे 9. लात्सिओ आणि फियोरेन्तिना यांनाही दुसऱ्या श्रेणीची शिक्षा होती. अपिलानंतर ते पहिल्या श्रेणीतच राहिले. शिक्षा सौम्य झाल्याने मिलानला चॅम्पियन्स लीगमध्ये प्रवेश मिळाला आणि मे 2007 मध्ये त्यांनी ती जिंकलीही.

फौजदारी खटला नेपल्समध्ये चालला. 2011 मध्ये मोज्जींना 5 वर्षे 4 महिन्यांची शिक्षा झाली, अपिलात ती 2 वर्षे 4 महिन्यांवर आली आणि मार्च 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयात खटल्याची कायदेशीर मुदत उलटल्यामुळे प्रकरण संपले. मिलान शहरातलाच दुसरा क्लब असलेल्या इंटरच्या बाबतीतही तेच घडले. या क्लबच्या पदाधिकाऱ्यांचेही पंचनियुक्ती करणाऱ्यांशी फोन झाले होते, हे 2011 मध्ये महासंघाच्या अभियोक्त्याने नोंदवले, परंतु तोवर कारवाईची मुदत टळली होती. युव्हेंटसकडून काढून इंटरला दिलेले 2005-06 चे विजेतेपद इंटरकडेच राहिले.

इटलीचा खरा ऱ्हास या रेंगाळण्यात दिसतो. भ्रष्ट माणसे सगळीकडे असतात. दोषी कोण आणि निर्दोष कोण हे वेळेत, सर्वांना पटेल असे सांगणारी यंत्रणा तेथे उरली नव्हती. युव्हेंटस आजही काढून घेतलेली दोन विजेतेपदे आपल्या मोजणीत धरतो, महासंघ धरत नाही.